गिळलं, पण पचलं नाही

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. कारण दोन वर्षांपूर्वी त्या रात्री मी मोबाईलवर 'मॅलॅकोप्लाकिया' हा शब्द शोधत बसले होते तेव्हा मराठीत मला एक ओळ सापडली नव्हती. इंग्रजीत होतं ते सगळं डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं. घरातल्या माणसाला हा आजार झाला तर पुढे काय काय होतं हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. म्हणून हे, जसं झालं तसं.

आमची धाकटी (घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात, इथेही तेच लिहिते) कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. तिला आयजीए नेफ्रोपॅथी (किडनीच्या गाळण्यांना सूज येणारा आजार) होती, पस्तिशीच्या आतच दोन्ही किडन्या गेल्या, चौदा महिने डायलिसिस झालं आणि २०१९ मध्ये आईने तिला स्वतःची किडनी दिली. आई तेव्हा सत्तावन्न वर्षांची. आईकडून मुलीला अर्धं मॅचिंग असतंच, बाकीच्या तपासण्याही चांगल्या आल्या, तो डीटीपीए स्कॅन का काय असतो त्यात आईच्या किडन्या तिच्या वयाच्या मानाने छान निघाल्या. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या कमिटीसमोर कॅमेरा लावून आईला विचारलं होतं की तुम्ही स्वखुशीने देताय ना, कुणाचा दबाव नाही ना. आई म्हणाली, "नऊ महिने आख्खी पोटात ठेवली होती, आता एक अवयव द्यायला कशाचा दबाव." त्यावर कमिटीतल्या बाईंनी मान खाली घातली आणि कागदावर सही केली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नवीन किडनी मागे कमरेत बसवत नाहीत. ती पुढे, पोटाच्या खालच्या बाजूला, बहुतेक वेळा उजवीकडे बसवतात आणि जुन्या दोन्ही तशाच आत राहतात. धाकटीच्या पोटावर हात ठेवला तर ती किडनी हाताला लागते. पहिल्या महिन्यात आई रोज एकदा तरी हात ठेवून बघायची.

तीन वर्षं उत्तम गेली. क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनीचं काम मंदावलं असं समजतात) १.१. सकाळी आठला टॅक्रो (टॅक्रोलिमस), रात्री आठला टॅक्रो, त्याबरोबर मायकोफेनोलेट, सकाळी थोडी वायसोलोन, सगळ्या शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या. लग्नाच्या पंगतीत असो नाहीतर एसटीत असो, आठ वाजले की पर्समधून डबी निघायची. आमच्या सगळ्यांच्याच मोबाईलमध्ये आठचा गजर होता, तिला कधी लागलाच नाही तो भाग वेगळा.

२०२२ च्या सुरुवातीपासून तिला लघवीचं इन्फेक्शन व्हायला लागलं. थोडी जळजळ, थोडा ताप, जवळच्या डॉक्टरांकडून पाच दिवसांच्या गोळ्या आणायच्या, बरं वाटायचं, महिन्या-दीड महिन्याने परत तेच. ऑगस्टपर्यंत चार वेळा झालं. कल्चर (लघवीतले जंतू वाढवून कुठला जंतू आहे आणि कुठलं औषध चालेल ते बघणं) एकदाच केलं, बाकी वेळा अंदाजाने गोळ्या. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, बायकांना युरिन इन्फेक्शन होतंच हे आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणत होते. पाणी जास्त पी, एवढाच माझा सल्ला. पण आता मला माहितीये की ट्रान्सप्लांटनंतर सगळ्यात जास्त होणारं इन्फेक्शन लघवीचंच असतं आणि ते तिच्यासारख्याला झालं की 'साधं' हा शब्द वापरायचाच नसतो. दर वेळी कल्चर, गोळ्या संपल्यावर परत तपासणी आणि परत परत होत असेल तर सोनोग्राफी आणि ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन. एवढं जर कुणी आम्हाला फेब्रुवारीत ठासून सांगितलं असतं.

आणखी एक, नवीन किडनीच्या नसा (म्हणजे संवेदना नेणाऱ्या) ऑपरेशनमध्ये तुटलेल्याच असतात, त्यामुळे आपल्याला किडनीत इन्फेक्शन झालं की जशी कमरेत कळ येते तशी त्यांना येईलच असं नाही. धाकटीला दुखत नव्हतं. नुसती थकायची. कॉलेजातून आली की चप्पल न काढता सोफ्यावर बसून राहायची. पाच किलो वजन उतरलं, आम्हाला वाटलं कॉलेजची दगदग.

गणपतीच्या आदल्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, १०३. गौरीची सगळी तयारी टाकून आम्ही हॉस्पिटलात. क्रिएटिनिन १.९. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीण बाई प्रोब एकाच जागी फिरवत राहिल्या, फिरवत राहिल्या, आणि मग कुणाला तरी बोलवायला बाहेर गेल्या. किडनीत गाठ होती. चार सेंटिमीटरच्या वर.

मग पेट स्कॅन. त्यात ती गाठ पेटलेल्या निखाऱ्यासारखी चमकत होती, मला तो फोटो अजून डोळ्यासमोर दिसतो. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा कॅन्सर, होऊ शकतो, डॉक्टरांनी ती शक्यता पहिली सांगितली. दुसरी शक्यता किडनीचा कॅन्सर. तिसरी, पू साठलेला गळू किंवा टीबी. एका दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवले तर ते सरळ म्हणाले की वेळ घालवू नका, किडनी काढून टाका आणि परत डायलिसिसवर जा, जीव महत्त्वाचा. पाच मिनिटांत झालं बोलून. मी आणि आई बाहेर येऊन त्या लोखंडी खुर्च्यांवर बसलो. आई काहीच बोलत नव्हती, नुसती पिशवीतल्या रिपोर्टच्या कडा सारख्या करत होती, आणि मग एकदम म्हणाली, "माझ्याच किडनीत आधीपासून काहीतरी होतं का गं? म्हणजे मीच तिला..." पुढचं वाक्य तिने केलंच नाही.

मला आयुष्यात कुठल्याच प्रश्नाचा इतका त्रास झाला नाही.

आमच्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं, आधी बायोप्सी. गाठ काय आहे ते कळल्याशिवाय आईची किडनी मी काढणार नाही, असं म्हणाले ते. "आईची किडनी" असं म्हणाले, ग्राफ्ट (बसवलेल्या अवयवाला डॉक्टर म्हणतात तो शब्द) नाही म्हणाले, म्हणून लक्षात राहिलं. बायोप्सी फार मोठं काही नसतं, किडनी वरच असते त्यामुळे सोनोग्राफीत बघत सुईने तुकडे घेतात, मग काही तास उताणं पडून राहायचं आणि लघवीत रक्त येतं का बघायचं.

रिपोर्टला आठ दिवस लागले. पहिल्या दोन दिवसांत कळलं की कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत, नुसत्या मोठ्या मोठ्या मॅक्रोफेज पेशींचे थर आहेत. पण पॅथॉलॉजिस्ट मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी परत वेगळे रंग, म्हणजे स्टेन, मागवले. पीएएस, कॅल्शियमसाठी वॉन कोसा, लोहासाठी वेगळा. आठव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलवलं आणि एक्सरेच्या पाकिटाच्या मागे देवनागरीत लिहून दाखवलं, मॅलॅकोप्लाकिया. म्हणाले, माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हा दुसरा. आई म्हणाली, कॅन्सरचं नाव आहे का? ते म्हणाले, "नाही आई, कॅन्सर नाही. हा सुजेचा आजार आहे. दुर्मिळ आहे, पण औषध आहे."

आता तो आजार काय ते मला समजलं तसं सांगते. लघवीच्या इन्फेक्शनमधले जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, किडनीपर्यंत चढतात. शरीरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात, त्यांचं कामच जंतू गिळायचं आणि आतल्या आत विरघळवून टाकायचं. मॅलॅकोप्लाकियात ह्या पेशी जंतू गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. अर्धवट मेलेले जंतू पोटात घेऊन त्या तशाच बसून राहतात. मग त्यांच्या मदतीला आणखी पेशी येतात, त्याही गिळतात, त्यांनाही पचत नाही, आणि असं करत करत पेशींचा ढीग होतो, तो वाढतो, आजूबाजूची चांगली किडनी दाबतो आणि मशीनवर हुबेहूब कॅन्सरच्या गाठीसारखा दिसतो. पेशींच्या आत त्या न पचलेल्या उरल्यासुरल्या मालावर कॅल्शियम आणि लोह बसत जातं आणि गोलात गोल असे बारीक मणी तयार होतात. ते मणी दिसले की निदान पक्कं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत, खूप दिवसांची डायबेटीस किंवा इतर आजार असणाऱ्यांत हे जास्त दिसतं, आणि लघवीच्या मार्गातला मॅलॅकोप्लाकिया पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो. सगळ्यात जास्त सापडतो तो मूत्राशयात, बसवलेल्या किडनीत फारच कमी.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे गिळलं, पण पचलं नाही." बास. एवढ्या कमी शब्दांत मला अजून कुणी सांगितलं नाही.

त्या मण्यांचं नाव मायकेलिस-गुटमान बॉडीज. हे नाव ऐकल्यावर पलंगावर सलाईन लावून पडलेली धाकटी उठून बसली. "ताई, हा आमचा मायकेलिस आहे का बघ गं!" तिच्या विषयात एन्झाइमचं एक समीकरण असतं, मायकेलिस-मेंटेन, १९१३ चं, ती दरवर्षी फळ्यावर लिहिते. मी शोधलं, तर तोच निघाला, लिओनोर मायकेलिस. बर्लिनमध्ये असताना, त्या समीकरणाच्या अकरा वर्षं आधी, १९०२ मध्ये त्याने आणि कार्ल गुटमानने ह्या आजाराचं वर्णन लिहून ठेवलं होतं, आणि लगेच १९०३ मध्ये फॉन हान्सेमान नावाच्या पॅथॉलॉजिस्टने त्याला ग्रीकमधून नाव दिलं, मलाकोस म्हणजे मऊ आणि प्लाक म्हणजे चकती, कारण मूत्राशयाच्या आतल्या बाजूला अशा पिवळसर मऊ चकत्या दिसतात. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी मायक्रोस्कोपमध्ये डोळा लावून ते मणी काढून ठेवले म्हणून आमच्या मॅडमना २०२२ मध्ये ते ओळखता आले. धाकटीला त्या दिवशी पहिल्यांदा जेवण गेलं. तिचा जंतू, तिचा मायकेलिस, ती म्हणाली निदान ओळखीचे तरी आहेत सगळे. ई. कोलाय तर ती मुलांना दर वर्षी प्लेटवर वाढवून दाखवते, ईएमबी अगार नावाच्या जंतू वाढवायच्या थरावर त्याला हिरवी धातूसारखी चमक येते, मोराच्या पिसासारखी, मुलांना फार आवडते ती.

आईच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच दिवशी मिळालं, मीच डॉक्टरांना विचारलं, आईला समोर बसवून. ते म्हणाले, तुमच्या किडनीत काही नव्हतं. बसवलेल्या किडनीची नळी आखूड असते आणि ती मूत्राशयाला नव्याने जोडलेली असते, मूळ नळीला जशी झडपेसारखी व्यवस्था असते तशी ह्या जोडाला नेहमी चांगली जमत नाही, त्यामुळे खालची लघवी वर जाऊ शकते आणि जंतूही जातात. वर गोळ्यांनी प्रतिकार दाबलेला. आईने ऐकून घेतलं, परत एकदा विचारलं, त्यांनी परत सांगितलं, न कंटाळता. घरी येताना रिक्षात ती मला म्हणाली, आज रात्री पिठलं करू, तिला आवडतं.

उपचार दोन बाजूंनी होते आणि त्यातला एक ऐकून आमच्या पोटात गोळा आला. अँटीबायोटिक तर होतंच. पण रिजेक्शन होऊ नये म्हणून ज्या गोळ्या तीन वर्षं आम्ही एक मिनिट इकडे तिकडे न होऊ देता दिल्या त्याच आता कमी करायच्या. मायकोफेनोलेट बंदच, टॅक्रोचा डोस कमी. कारण पेशींना जंतू पचवायची ताकद परत यायची असेल तर त्यांच्यावरचा दाब हलका करायला हवा. आई घाबरली. ती म्हणे गोळी कमी केली आणि किडनीच नाकारली गेली तर? प्रश्न बरोबरच होता, डॉक्टरही म्हणाले बरोबर आहे, ती भीती आहेच, म्हणून दर आठवड्याला क्रिएटिनिन आणि टॅक्रो लेव्हल (रक्तात टॅक्रो किती आहे ते) करायची. त्या काळात दर सोमवारी सकाळी गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं आणि संध्याकाळी रिपोर्टचा मेसेज यायचा, तोपर्यंत घरात कुणी टीव्हीसुद्धा लावायचं नाही.

अँटीबायोटिकचंही सोपं नव्हतं. कल्चरमध्ये ई. कोलाय आला तो ईएसबीएल, म्हणजे बऱ्याच नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन) ह्या अँटीबायोटिकलाही रेझिस्टंट. पहिले काही दिवस ऍडमिट करून मेरोपेनेम, मग रोज एकदा डे-केअरला जाऊन एर्टापेनेमचं इंजेक्शन, असे एकूण तीन आठवडे. पण डॉक्टर म्हणाले की इथे जंतू पेशीच्या आत लपून बसलेत, तेव्हा औषध असं हवं जे पेशीच्या आत शिरतं. तशी दोन मुख्य, सिप्रोच्या जातीतली आणि सेप्ट्रान. सिप्रो चालणार नव्हतं. सेप्ट्रान चालत होतं, रिपोर्टवर त्याच्यापुढे 'सेन्सिटिव्ह' लिहिलं होतं. साधी जुनी स्वस्त गोळी. त्या एका शब्दावर आमचे पुढचे सहा महिने उभे होते.

सेप्ट्रानने पोटॅशियम वाढतं आणि टॅक्रोनेही वाढतं, त्यामुळे परत डायलिसिसच्या दिवसांसारखं खाणं सुरू. नारळपाणी बंद, केळं बंद, बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन यायचा आणि आम्ही ते शेजारी द्यायचो. क्रिएटिनिनही सेप्ट्रान सुरू केल्यावर जरा वर गेलं, आम्ही हादरलो, पण त्या गोळीमुळे रक्तातला आकडा थोडा वाढतो, किडनीचं काम बिघडलेलं नसतानाही, हे आधीच सांगून ठेवलं होतं. आधी सांगून ठेवणारे डॉक्टर मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. एका नातेवाइकांनी इंटरनेटवर वाचून व्हिटॅमिन सीचे मोठे डोस द्या म्हणून सांगितलं. ते अगदीच खोटं नाहीये, मॅलॅकोप्लाकियात पेशींमधलं एक रसायन, सायक्लिक जीएमपी, कमी पडतं असं दिसलं होतं आणि ते वाढावं म्हणून काही डॉक्टर व्हिटॅमिन सी आणि बेथानेकॉल नावाचं औषध देत आलेत. पण व्हिटॅमिन सीचे मोठे डोस किडनीत ऑक्झलेटचे खडे साठवू शकतात, म्हणून आमच्या डॉक्टरांनी नको म्हटलं आणि आम्ही दिलं नाही. कृपा करून वाचून घरच्या घरी काही सुरू करू नका.

सहा आठवड्यांनी सोनोग्राफी. त्याच डॉक्टरीण बाई. त्यांनी ह्या वेळी स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि मोजून दाखवलं, २.९ सेंटिमीटर. चार महिन्यांनी दीडच्या खाली. मार्च २०२३ मध्ये गाठ नव्हतीच, तिथे नुसता एक वण होता, त्या जागी किडनीची कड जराशी आत ओढलेली. क्रिएटिनिन पूर्वीच्या १.१ वर परत आलं नाही, सेप्ट्रान थांबल्यावर १.४ ला येऊन थांबलं आणि तिथेच आहे. जो भाग गेला तो गेला. रिजेक्शन झालं नाही. मायकोफेनोलेट परत सुरू केलेलं नाही, कमी टॅक्रो आणि थोडी वायसोलोन एवढ्यावर चाललंय.

जर त्या दिवशी पाच मिनिटांच्या त्या सल्ल्यावर विश्वास ठेवून आम्ही सही केली असती तर? मी हे बोलून दाखवत नाही घरात. पण इथे लिहिते, कारण कुणीतरी आत्ता त्याच लोखंडी खुर्चीवर बसलेलं असेल. बसवलेल्या किडनीत गाठ दिसली म्हणजे कॅन्सरच असं नाही, पेटवर चमकली तरी नाही. तुकडा तपासायला मागा, आणि पॅथॉलॉजिस्टना सांगा की ह्या पेशंटला परत परत लघवीचं इन्फेक्शन झालंय, ती माहिती फॉर्मवर लिहिलेली असेल तर त्यांना कुठला रंग लावायचा ते सुचतं. आमच्या फॉर्मवर रेसिडेंट डॉक्टरने ती एक ओळ लिहिली होती. पॅथॉलॉजिस्ट मॅडमना मी नंतर भेटायला गेले, त्यांनी मला मायक्रोस्कोपमध्ये ते मणी दाखवले. जांभळट गुलाबी, गोलात गोल, एखाद्या पक्ष्याच्या डोळ्यासारखे. माझ्या बहिणीच्या पोटातले, आईच्या किडनीतले. किती वेळ बघत होते कोण जाणे, मॅडमनीच मागून खुर्ची सरकवून दिली.

आता दर महिन्याला कल्चर होतं, ताप असो नसो. परवाचा रिपोर्ट धाकटीने घरच्या ग्रुपवर टाकला, 'नो ग्रोथ आफ्टर ४८ अवर्स'. आईने लगेच फोन केला. ग्रोथ नाही म्हणजे काय गं, चांगलं की वाईट? धाकटी कॉलेजात होती, लॅबमध्ये, मुलांच्या प्लेटा मोजत. ती म्हणाली, "चांगलं गं आई. प्लेट रिकामी आहे. अगदी स्वच्छ रिकामी."

"बरं," आई म्हणाली, "आणि आठची गोळी घेतलीस का?"